सावलीच्या परसात लिकुआला पाम: जागा निवडण्यापासून बी रुजवण्यापर्यंत

फणसाखाली, आंब्याखाली किंवा घर आणि कुंपण यांच्या मधल्या बोळात एक जागा अशी असतेच, जिथे गुलाब फुलत नाही, जास्वंद नुसती उंच वाढते आणि गवतसुद्धा धड धरत नाही. अशा जागेसाठी लिकुआला ग्रँडिस हा पाम मी डोळे मिटून सुचवतो. उंची फार तर 10 फूट, तीही कित्येक वर्षांनी. खोड मनगटाएवढं. पान मात्र अखंड, गोलसर, चुण्या पाडलेल्या पंख्यासारखं, कडेला दातेरी. वाऱ्याने फाडलं नाही तर ते शेवटपर्यंत अखंडच राहतं.

हा मूळचा दक्षिण प्रशांत महासागरातल्या वानुआतूचा आणि त्याच्या उत्तरेला असलेल्या सांताक्रूझ बेटांचा. तिथल्या वर्षावनात मोठ्या झाडांच्या पायथ्याशी, दमट आणि वारा न लागणाऱ्या ठिकाणी तो वाढतो. त्याच्या सगळ्या आवडीनिवडी इथूनच येतात: डोक्यावर सावली, पायाशी कुजलेला पाला, हवेत ओल आणि वाऱ्यापासून आडोसा. यातलं एकही नंतर खताच्या पिशवीतून देता येत नाही. म्हणून या लेखात खड्डा खणण्याआधीचंच बरंच काही आहे. घाई असली तरी पहिले तीन टप्पे गाळू नका.

1. आधी आपलं गाव बघा

रात्रीचं तापमान 10 अंशांच्या खाली जाऊ लागलं की हा पाम कुरकुर करतो. कोरडी उष्ण हवा तर त्याला त्याहून जाचते. त्यामुळे सिंधुदुर्गापासून पालघरपर्यंतचा कोकण, मुंबई आणि गोवा इथे तो खुशाल जमिनीत लावा. गोव्यातल्या कुळागरात पोफळी-जायफळाच्या सावलीत तर त्याला काही करावंच लागत नाही.

पुणे, नाशिक, कोल्हापूर शहर इथे कुंडीत ठेवा, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत आत घेता येईल. निफाडकडच्या थंडीत बाहेर ठेवलात तर पानं करपलीच म्हणून समजा. विदर्भ-मराठवाड्यात 44-45 अंशांच्या झळांमध्ये हा पाम बाहेर टिकवायचा म्हणजे रोजची लढाई. तिथे त्यापेक्षा ऱ्हापिस लावा. तोही सावलीतला पाम आहे, थंडी आणि कोरडी हवा बरीच सोसतो आणि बुंध्यातून फुटवे काढत दाट होतो. पुणे-महाबळेश्वरच्या गारव्यात कॅमेडोरिया एलिगन्स चांगला चालतो. मेक्सिको-ग्वाटेमालाच्या जंगलातला हा पाम उंचीला लहान आणि कमी उजेडात समाधानी असतो.

काही जणांचा आग्रह असतो की पाम लावायचा तर सह्याद्रीतलाच. आग्रह चांगला आहे, पण आपला भेरली माड छोट्या बागेचा नाही. तो नारळाएवढा उंच होतो, फळांच्या गराने अंगाला खाज सुटते आणि एकदा फुलोऱ्याचा हंगाम सुरू झाला की वरून खाली फुलत फुलत काही वर्षांत मरतो. पिनांगा डिक्सोनाय हा पश्चिम घाटातलाच खरा सावलीतला छोटा पाम, पण तो कर्नाटक-केरळकडच्या सदाहरित जंगलातला आणि नर्सरीत सहजी न मिळणारा. जंगलातून उपटून आणण्याचा विचारही करू नका.

2. सावली पारखा

सावली म्हणजे काळोख नव्हे. या पामाला पानांतून गाळून आलेला उजेड लागतो. तो आहे की नाही हे पाहायची सोपी रीत: भर दुपारी त्या जागी जमिनीपासून हातभर उंचीवर पंजा धरा. जमिनीवर बोटांच्या कडा काळ्या आणि रेखीव दिसल्या तर ऊन जास्त. सावली पडते आहे पण कडा पुसट, तर जागा उत्तम. सावलीच पडत नसेल तर तिथे पाम मरणार नाही, पण देठ लांब-लांब होऊन पानं उजेडाकडे झुकतील आणि वाढ जवळपास थांबेल.

सकाळी 9 पर्यंतचं कोवळं ऊन चालतं. दुपारी दोननंतरचं पश्चिमेचं ऊन अर्धा तास लागलं तरी एप्रिलमध्ये पान भाजतं.

इथे दोन ठिकाणी लोक फसतात.

पहिलं म्हणजे घराची उत्तर बाजू. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून ती बाजू दिवसभर सावलीत दिसते. पण आपल्याकडे मे महिन्यात सूर्य थेट डोक्यावर येतो. मुंबईत शून्य सावलीचा दिवस साधारण 15 मे. त्यानंतर जुलै अखेरपर्यंत तो थोडा उत्तरेकडेच असतो. म्हणजे हिवाळ्यात गारेगार वाटलेली जागा मेच्या उत्तरार्धात, पाऊस यायच्या आधी, चांगली तापते. त्यामुळे पंजाची परीक्षा शक्यतो मेमध्ये करा. हिवाळ्यात करणार असाल तर एवढा हिशेब धरा.

दुसरं म्हणजे पानगळीची झाडं. सावर, पांगारा, शिवण, चाफा यांच्या सावलीवर भरवसा ठेवू नका. ऊन कडक व्हायला लागतं नेमकी तेव्हाच ही झाडं उघडी पडतात. फणस, आंबा, कोकम, जायफळ, बकुळ यांची सावली बारमाही.

आणि माडाखाली लावू नका. सावली छान असते, पण वरून झावळी कधी ना कधी पडतेच आणि दोन वर्षांत आलेली पानं एका फटक्यात मोडतात. पोफळीची विरी, म्हणजे गळणारी झावळी, हीही पडते, पण ती हलकी. पोफळीच्या दोन ओळींच्या बरोबर मधोमध लावलं तर बहुधा निभावतं.

3. वारा कुठून घुसतो ते पाहा

पान अखंड असल्यामुळे वारा त्यातून आरपार जात नाही. तो पान चिरतो. चिरलेलं पान जगतं, पण ज्याच्यासाठी हा पाम लावला ते रूप गेलं.

कोकणात पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो. घराच्या पूर्वेला किंवा ईशान्येला लावलात की घरच आडोसा होतं. तशी जागा नसेल तर पश्चिमेकडून कर्दळ, हेलिकोनिया किंवा साधी केळ अशी दाट फळी उभी करा, पण पाम लावायच्या आधी वर्षभर. दोन इमारतींमधला बोळ सावलीचा असला तरी तिथे वारा कोंडून जोरात सुटतो, तो टाळा. समुद्र दिसतो इतक्या जवळ घर असेल तर खाऱ्या वाऱ्याने पानांच्या कडा तपकिरी होतात. अशा ठिकाणी कुंपणाच्या झाडांच्या आतल्या बाजूलाच जागा काढा.

शहरातल्यांसाठी एक जादा सूचना: एसीच्या बाहेरच्या यंत्रासमोर नको. त्यातून येणारी हवा गरम आणि कोरडी असते आणि ती दिवसभर येत राहते.

देठाच्या खालच्या भागाला दोन्ही कडांना काटे असतात. त्यामुळे पायवाटेपासून निदान 3 फूट आत लावा.

4. रोप निवडा

नर्सरीत ‘फॅन पाम’ म्हणून विचारलंत तर हमखास दुसरंच काहीतरी हातात पडेल. बहुतेक वेळा तो लिव्हिस्टोना असतो. तोही देखणा, पण मोठा वृक्ष होणारा. ओळखायचं पानावरून: लिव्हिस्टोनाचं पान बोटांसारखं चिरलेलं आणि टोकं खाली लोंबणारी. लिकुआला ग्रँडिसचं पान एकसंध. अगदी लहान रोपाची पानं मात्र गोल नसून पाचरीच्या आकाराची असतात, त्याने गोंधळू नका. याच कुळातला लिकुआला पेल्टाटा सुमावाँगी हा थायलंडचा प्रकारही हल्ली दिसतो. त्याचंही पान अखंड, पण बरंच मोठं. जागा ऐसपैस असेल तरच तो घ्या.

रोप घेताना बघायच्या गोष्टी:

मधला कोंब ताठ आणि हिरवा हवा. अंगठा-तर्जनीत धरून अगदी हलकासा ओढून बघा. हलला किंवा सटकन हातात आला तर ते रोप तिथेच ठेवा. पानाच्या खालच्या चुण्यांत पांढरा कापूस नाही ना, देठाच्या बगलेत तपकिरी खवले नाहीत ना, हेही बघा. पिशवीच्या भोकांतून थोडी मुळं बाहेर आली असतील तर चांगलंच, रोप स्थिरावलेलं आहे.

रोप कुठे ठेवलेलं होतं ते विचारा. शेडनेटखालून आलेलं रोप थेट उजेडाच्या जागी लावलं तर बावरतं. आणि मोठ्या रोपाच्या मोहात पडू नका. हा पाम सावकाश वाढतो म्हणून मोठं रोप महाग मिळतं, पण हलवल्यावर धक्का मोठ्यालाच जास्त बसतो. चार-पाच निरोगी पानांचं रोप मला सगळ्यात भरवशाचं वाटतं.

आपल्याकडे विकली जाणारी बरीच रोपं आंध्रातल्या कडियमसारख्या भागातून ट्रकने येतात. त्यांची मुळं बऱ्याचदा घट्ट लाल चिकण मातीच्या गोळ्यात असतात. तो गोळा लावताना कसा हाताळायचा ते पुढे येईलच. घरी आणल्यावर रोप लगेच लावू नका. दोनेक आठवडे नेमलेल्या जागीच पिशवीसकट ठेवा. पानं करपली नाहीत, मलूल झाली नाहीत, तर जागा बरोबर आहे. करपली तर पिशवी उचलून दुसरीकडे नेणं सोपं.

5. सामान जमवा

- कुदळ, पहार (कातळ लागतोच), घमेलं, बादली
- चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन घमेली
- कुजलेला पातेरा (पालापाचोळा), तेवढाच
- नदीची जाड वाळू, एक घमेलं
- निंबोळी पेंड, दोन मुठी
- 75 टक्के सावलीची शेडनेट आणि चार बांबू, पहिल्या उन्हाळ्यासाठी
- जाड हातमोजे किंवा जुनं गोणपाट, देठाच्या काट्यांसाठी
- काळा मार्कर. कशाला, ते टप्पा 7 मध्ये

समुद्राची रेती फुकट मिळते म्हणून आणू नका. तिच्यातलं मीठ या पामाला सोसत नाही. ताजं शेणही नको. कुजताना तापतं आणि मुळं भाजतात.

6. खड्डा खणा आणि पाण्याने तपासा

खड्डा 2 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट खोल. वरच्या मोठ्या झाडाच्या बुंध्यापासून 5-6 फुटांवर. खणताना त्या झाडाचं जाड मूळ लागलं तर ते तोडण्यापेक्षा खड्डा हातभर सरकवा.

आता परीक्षा. खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दोन-तीन तासांत उतरलं तर पुढे चला. जांभ्याच्या जमिनीत मात्र बऱ्याचदा दीड फुटावर कातळ लागतो आणि खड्ड्याची अक्षरशः टाकी होते. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी दिसत असेल तर त्या खड्ड्यात लावू नका. या पामाला ओल हवी, पण मुळांशी तुंबलेलं पाणी नको. आणि आपल्याकडे जुलैत तेच होतं.

अशा वेळी खोल जाण्यापेक्षा वर या. चार बाजूंनी चिरे लावून दीड फूट उंचीचा वाफा करा आणि त्यात माती भरा. चिरे सिमेंटने सांधू नका, नुसते मांडा, म्हणजे फटींतून पाणी निघून जाईल.

माती अशी: दोन भाग खणलेली लाल माती, एक भाग शेणखत, एक भाग पातेरा, अर्धा भाग वाळू. त्यात निंबोळी पेंड मिसळा. देशावरच्या काळ्या मातीत मात्र दोन अडचणी आहेत. एक तर ती पाणी धरून बसते. दुसरं म्हणजे ती चुनखडीयुक्त असली तर मँगनीज आणि लोह मातीत असूनही पामाला मिळत नाही. तिथे खड्ड्याच्या भानगडीत न पडता लाल माती आणून वाफा किंवा कुंडी केलेली बरी.

7. लावणी करा

केव्हा? मृगाच्या पहिल्या सरींवर सगळेच लावतात, आणि जमीन उताराची, निचऱ्याची असेल तर तुम्हीही लावा. सपाट किंवा कातळाच्या जमिनीत मी गणपती झाल्यावर लावायला सांगतो. मुसळधार पाऊस ओसरलेला असतो, जमीन ऊबदार आणि ओली असते आणि मुळं धरायला ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत थोडा वेळ मिळतो.

आदल्या रात्री पिशवीत भरपूर पाणी घाला. लावताना पिशवी उभी चिरून बाजूला करा, रोप ओढून काढू नका. चिकण मातीचा गोळा असेल तर त्याच्या कडेने पाण्याची मंद धार सोडा आणि बाहेरची बोटभर माती हाताने मोकळी करा. हे केलं नाही तर भोवतालच्या भुसभुशीत मातीतून पाणी खाली निघून जातं आणि गोळा आतून कोरडा राहतो. वरून ओलं दिसतं, रोप मात्र तहानलेलं. पण गोळा फोडूही नका. पामाची मुळं तोडून घ्यायची नसतात. आंब्या-चिकूच्या रोपांची सवय असलेले माळी ‘मुळं जरा छाटली की नवी फुटतात’ म्हणून कात्री घेऊन येतात, त्यांना थांबवा.

खोड आणि मुळं जिथे मिळतात ती रेघ जमिनीच्या पातळीला हवी. आधार म्हणून खोल पुरलंत तर खोड कुजतं. वर ठेवलंत तर वरची मुळं वाळतात. रोप डुलत असेल तर दोन्ही बाजूंना बांबू रोवून कापडी पट्टीने सैल बांधा.

भोवती 2 फूट व्यासाचं आळं करा, त्यात तीन बोटं जाडीचा पातेरा अंथरा आणि खोडाभोवती चार बोटं जागा उघडी सोडा. पातेरा खोडाला टेकला की ओल राहते आणि वाळवीही तिथूनच चढते. घरी कोंबड्या असतील तर त्या अर्ध्या तासात आळं उकरून पातेरा अंगणभर करतात. म्हणून वर सुकी करवंदीची काटकी टाका. रानाच्या कडेला घर असेल तर पहिली दोन वर्षं भोवती जाळी हवीच. साळिंदर माडाची कोवळी रोपं बुंध्यात कुरतडतं, ते इथेही भेदभाव करणार नाही.

आता मार्कर. मधला मिटलेला कोंब आणि त्याच्या शेजारच्या पानाचा देठ यांच्यावर एकाच उंचीवर आडवी रेघ मारा. दोन-तीन आठवड्यांनी बघा. कोंबावरची रेघ देठावरच्या रेघेपेक्षा वर सरकलेली असेल तर रोप धरलं. हा पाम वर्षाला मोजकीच पानं काढतो. त्यामुळे नुसत्या नजरेला महिनोनमहिने काहीच घडत नाही असं वाटतं, आणि मग माणूस काळजीपोटी जास्त पाणी घालतो, जास्त खत घालतो. ही रेघ त्यापासून वाचवते. याच काळात सगळ्यात जुनं पान पिवळं पडलं तर घाबरू नका. कोंब हलतो आहे ना, एवढंच बघा.

8. पाणी

पाऊस थांबल्यापासून पुढच्या पावसापर्यंत पाणी द्यावंच लागतं. पातेरा बाजूला करून बोट दोन पेरं खुपसा. ओल लागली तर आज नको. पहिल्या वर्षी साधारण एक दिवसाआड एक बादली, एप्रिल-मेमध्ये रोज. संध्याकाळी द्या. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा सकाळी पानांवर, विशेषतः खालच्या बाजूने, पाईपने पाणी मारा. धूळ जाते आणि लाल कोळी ही बारीक कीडही आटोक्यात राहते.

पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी झाडांना घालायची शहरात फार सवय आहे. या पामाला ते नको. सगळे क्षार त्याच पाण्यात साठलेले असतात. किनाऱ्याजवळच्या विहिरी मेमध्ये मचूळ होतात तेव्हाही दुसरं पाणी मिळालं तर बघा. नाइलाज असेल तर पहिल्या पावसात आळं फोडून पाणी वाहू द्या, मीठ धुऊन जातं.

9. पान वाचायला शिका

पाम आजारी आहे असं म्हणून फोटो पाठवणाऱ्यांना मी आधी एकच विचारतो: कुठलं पान, जुनं की नवं? अर्धं निदान तिथेच होतं.

*पानाच्या वरच्या चेहऱ्यावर फिकट, मग कागदासारखे पांढरट डाग.* ऊन लागलं. खत नको, सावली वाढवा. ते पान सुधारत नाही, पुढचं चांगलं येतं.

*फक्त कडा आणि टोकं तपकिरी.* कोरडी हवा, पाण्याची ओढाताण किंवा क्षार. आधी पाणी कुठलं घालता ते तपासा.

*जुन्या पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके, मग कड करपत जाणं.* पालाश (पोटॅश) कमी पडतंय. कोकणात हे सर्रास दिसतं, कारण धो-धो पावसात पालाश धुऊन जातं. पावसाळ्याआधी आणि पाऊस संपल्यावर सल्फेट ऑफ पोटॅश थोडं थोडं, आळ्यात पसरून द्या. म्युरेट ऑफ पोटॅश स्वस्त असतं, पण त्यातलं क्लोराइड या पामाला नको. असं पिवळं पान दिसायला वाईट म्हणून कापू नका. झाड त्याच्यातलंच पालाश काढून नव्या पानाला देत असतं. कापलंत तर ते वरच्या पानाकडून घेईल आणि पिवळेपणा एकेक पान वर चढेल.

*जुन्या पानाची कड रुंद पिवळी, मध्य हिरवा.* मॅग्नेशियम. लिटरभर पाण्यात छोटा चमचा एप्सम मीठ विरघळवून महिन्यातून एकदा आळ्यात घाला.

*नवं पान लहान, वेडंवाकडं, करपल्यासारखं उमलणं.* हे जास्त गंभीर. बहुतेक वेळा मँगनीजची कमतरता, आणि मातीत चुना जास्त असला की ती येते. घराला नवं प्लास्टर झालं असेल आणि त्याचा राडा त्याच कोपऱ्यात पुरला असेल, तर तिथली माती आधी बदला. सोबत सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण, पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या निम्मं.

एरवीच्या खताचं फार काही नाही. वर्षातून दोनदा एकेक घमेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. पहिले तीन-चार महिने तेही नको.

10. पावसाळ्यातली राखण

या पामाला वाढीचा कोंब एकच असतो. तो गेला की झाड गेलं. बाजूने फुटवा येत नाही. माडाची कोंबकूज किंवा पोफळीचा कोळेरोग ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. याच्या कोंबालाही तशीच बुरशी लागते, आणि तिला तेच वातावरण मानवतं. पोफळीवर पावसाच्या तोंडावर 1 टक्का बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक फवारता, तेव्हा याच्या कोंबातही थोडं मारा. घरी करायचं तर 10 लिटर पाण्याला 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम कळीचा चुना: दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत विरघळवायचे, मग एकत्र करायचे आणि त्याच दिवशी संपवायचे. लोखंडी भांडं नको.

जुलै-ऑगस्टमध्ये वरच्या झाडाची कुजकी पानं आणि काटक्या कोंबाच्या बेचक्यात अडकतात. आठवड्यातून एकदा त्या हाताने काढून टाका. हे काम क्षुल्लक वाटतं, पण कोंबकूज बऱ्याचदा तिथूनच सुरू होते.

पिठ्या ढेकूण आणि खवले कीड कोरड्या दिवसांत येते, जास्त करून घरात ठेवलेल्या कुंडीवर. थोडी असेल तर ओल्या फडक्याने चुण्या पुसा. जास्त असेल तर कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारा. मुंग्या देठावरून ये-जा करताना दिसल्या की कीड कुठेतरी आहे असं समजून पान उलटून बघा.

11. कुंडीत लावायचं असेल तर

14 इंची कुंडी, तळाला मोठी भोकं. लाल माती, गांडूळखत आणि कोकोपीट समान भागांत, वर थोडी वाळू. पूर्वेची गॅलरी सर्वांत चांगली. कोकोपीट घेताना धुतलेलं आहे का ते विचारा. नसेल तर दोन-तीन पाण्यांत धुऊन घ्या, त्यात मीठ असतं. कुंडी बदलायची घाई करू नका, मुळं दाटीवाटीने राहिली तरी याचं काही अडत नाही. हिवाळ्यात आत आणाल तेव्हा खिडकीजवळ ठेवा, पंख्याखाली नको.

12. छाटणी आणि बी

छाटणी म्हणजे फक्त पूर्ण तपकिरी, वाळलेलं पान देठाच्या बुडाशी कापणं. हातमोजे घालून. शेंड्याला कात्री लावायची नाही. उंची आवरण्यासाठी तर नाहीच. खोडावरचं काथ्यासारखं जाळंही ओरबाडून काढू नका.

झाड वयात आलं की पानांच्या मधून कमानीसारखे लांब तुरे बाहेर येतात. आधी बारीक पांढुरकी फुलं, मग वाटाण्याहून थोडी मोठी फळं, पिकली की लालभडक. ती झाडावरच सुकू देऊ नका. लाल झाली की काढा, गर धुऊन टाका, दिवसभर पाण्यात ठेवा आणि वाळू-कोकोपीटमध्ये बोटाच्या एका पेराएवढं खोल पेरा. सुकवून डबीत ठेवलेलं बी बहुधा वाया जातं.

पेरलेली कुंडी सावलीत, ओलसर आणि झाकून ठेवा. उगवायला काही महिने लागतात, कधी वर्षही. मधे उकरून बघू नका. पावसाळा येऊन गेला तरी काही दिसत नसेल तरी कुंडी फेकू नका, ओल तेवढी राखा. उगवल्यावर पहिली दोन पानं येईपर्यंत रोपं त्याच कुंडीत राहू द्या आणि मग एकेक करून पिशवीत हलवा, मुळाला लटकलेल्या बियासकट.